चारनंतरची तारीख

मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तिसऱ्या खिडकीवर एका साध्या अर्जावर बुधवारचा शिक्का पडला. अर्ज देणारी बाई खिडकीशी उभी होती आणि तिच्या एक पाऊल मागे, हात पाठीशी बांधून, आजारभत्ता कार्यालयाचा वाद-अधिकारी उभा होता. तिनेच त्याला वरच्या मजल्यावरच्या त्याच्या खोलीतून खाली आणले होते. "मी सांगून तुम्हाला पटायचं नाही साहेब, तुम्हीच बघा," एवढेच ती जिन्यात म्हणाली होती. शिक्क्याचा आवाज त्याच्या ओळखीचा होता. आधी शाईच्या गादीवर एक ओला धप्प, मग कागदावर कोरडा ठप्प. तिने अर्जाची पोच दोन बोटांनी उचलली, शाई वाळावी म्हणून हवेत हलवली आणि त्याच्या डोळ्यांपुढे धरली. भिंतीवरच्या कॅलेंडरात एकवीस तारीख होती. शिक्क्यात बावीस. "आता बोला," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, आणि त्याला तेच जड गेले. आरडाओरडा करणाऱ्या माणसांना काय सांगायचे ते त्याला तीस वर्षांच्या नोकरीत पाठ झाले होते.

खिडकीतल्या बाईंनी मान वर करून त्याला पाहिले आणि त्या गडबडून अर्ध्या उठल्या. "साहेब, तुम्ही इकडे? काही हवं होतं का?" तो म्हणाला, "तारीख." बाई हसल्या. "चार वाजले ना साहेब. वही बंद केली. आता पुढचं पान." एखाद्याला पाणी हवे का विचारावे तितक्या सहज. त्यांच्या मागच्या कपाटावर जाडजूड रजिस्टरांचा ढीग होता, रोज एक पान, पानाच्या तळाशी दिवसाची बेरीज, बेरजेखाली सही. ती बेरीज पाचच्या आत मुख्य कार्यालयाला कळवायची अशी रीत आहे. म्हणून चारला पान बंद होते, आणि पान बंद झाले की शिक्क्याचे चाक एक दात पुढे सरकते, कारण पानाची तारीख एक आणि शिक्क्याची दुसरी असे चालत नाही. हे सगळे त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. खिडकीवर मात्र पत्र्याची जुनी पाटी होती, आणि तिच्यावर अजूनही लिहिलेले होते: अर्ज स्वीकारण्याची वेळ दहा ते पाच.

कार्यालयात त्याला तारीखमास्तर म्हणत. तोंडावर नाही, पण इतक्या जवळून की ते त्याच्या कानावर यावे. काम तसेच होते. माणूस आजारी पडला हे डॉक्टर ठरवतो, तो कधीपासून आजारी होता हे मास्तर ठरवतो, असे खालच्या मजल्यावर म्हणत आणि चहा पीत. नियम सरळ होता. डॉक्टरांचा दाखला सात दिवसांच्या आत कार्यालयात आला तर दाखल्यावरच्या तारखेपासून माणूस आजारी. आठव्या दिवशी आला तर ज्या दिवशी आला त्या दिवसापासून. मधले दिवस तो अंथरुणात पडून असला तरी कागदावर ठणठणीत. अशा मधल्या दिवसांवरून होणारे तंटे त्याच्या टेबलावर येत. बहुतेक तंटे चार-आठ दिवसांचे असत, हरले तरी माणूस शिव्या देऊन घरी जाई. या बाईचे तसे नव्हते. तिचा नवरा कापड रंगवण्याच्या कारखान्यात बॉयलरवर होता. आठ महिन्यांपूर्वी तीन तारखेला त्याच्या छातीने दगा दिला. आठ तारखेला कारखाना कायमचा बंद पडला, आणि त्याबरोबर सगळ्या कामगारांचा विमाही. आजार तीन तारखेचा धरला तर तो विम्यातला माणूस. बरा होईपर्यंत, दोन वर्षे लागली तरी, भत्ता आणि औषधपाणी. आजार अकरा तारखेचा धरला तर तो कुणाचाच कुणी नाही. दाखल्यावर शिक्का अकराचा होता. बाईचे म्हणणे, आपण दहाला दुपारी सव्वाचारच्या आत कागद दिला. कारखान्याच्या बंद पडत चाललेल्या कचेरीतून शेवटची सही मिळाली तीच दहाला दोन वाजता. आठ महिने ती हेच म्हणत होती, आणि आठ महिन्यांत दोन वेळा तिच्या फायलीवर त्याच्याच अक्षरात लिहिले गेले होते: शिक्का हाच पुरावा.

वर खोलीत परत आल्यावर तिने खुर्चीवर बसायला नकार दिला नाही, पण ती कडेला टेकली, उठून जायची घाई असल्यासारखी. पिशवीतून पाण्याची बाटली काढून दोन घोट प्यायली. त्याने फाईल उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मग त्याने मार्ग काढला. त्याच्याकडे नेहमी मार्ग असे, म्हणून तर वरच्यांना तो हवासा वाटे. "हे बघा ताई, मला एक अधिकार आहे. उशीर सात दिवसांच्या आतला असेल आणि कारण सबळ असेल तर मी तो माफ करू शकतो. तुमचा एकच दिवस आहे. या फॉर्मवर लिहून द्या, एक दिवस उशीर झाला, बस चुकली म्हणून. उद्या ऑर्डर काढतो. तीन तारखेपासून सगळं मिळेल." तिने फॉर्म घेतला, मन लावून वाचला. तो तिच्या बोटांकडे पाहत होता. नखांच्या कडेला कसल्यातरी रंगाची रेघ होती. "बस चुकली नव्हती," ती म्हणाली. "नसेल. दुसरं काही लिहा. मूल आजारी होतं म्हणा." "मूल नाही मला." "अहो ताई, एक ओळ लिहायची आहे." "एकच ओळ आहे, पण ती खोटी आहे ना साहेब." तिने फॉर्म टेबलावर ठेवला आणि तळहाताने सरळ केला. "घरात आठ महिने काय चाललंय माहितेय? सासूबाई म्हणतात, पोराचा घास हिच्यामुळं गेला. धाकटे दीर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, वहिनींनी एक दिवस खाल्ला. हे तर भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. मी पाणी दिलं तरी आधी भिंतीकडे बघतात, मग माझ्याकडे. आणि आता मीच लिहून देऊ, हो, खाल्ला म्हणून?" तो म्हणाला, "भत्ता मिळाला की सगळे विसरतील." तिने त्याच्याकडे पाहिले, रागाने नाही, कीव केल्यासारखे. "विसरतात का हो माणसं?" असे म्हणून ती उठली. दारात थबकली. "फाटकावर वही आहे. आत येताना सही घेतात, वेळ लिहून. मी दहाला केली होती. तेवढी तरी बघा."

ती गेल्यावर तो बराच वेळ टेबलावरच्या काचेखाली दबलेल्या जुन्या कागदांकडे पाहत बसला. त्याला ठाऊक नव्हते असे म्हणता आले असते. वरच्या मजल्यावर येऊन त्याला सोळा वर्षे झाली होती, खाली काय चालते ते कळायला वाव नव्हता, असे कुणीही म्हणाले असते. पण ही गोष्ट कळण्या-न-कळण्याची नव्हती. तिसऱ्या खिडकीवर चारला चाक फिरवायची रीत त्यानेच पाडली होती. बावीस वर्षांपूर्वी. त्याआधी खिडकी पाचला बंद व्हायची, मग बेरजा, मग टपाल, आणि बाहेर पडायला साडेसहा वाजायचे. त्या वर्षी त्याची बायको रुग्णालयात तिसऱ्या मजल्यावर खिडकीकडच्या खाटेवर होती आणि भेटायची वेळ होती पाच ते सहा. त्याने हिशेब केला. चारला पान बंद केले, बेरीज साडेचारपर्यंत उरकली आणि चारनंतर आलेले कागद दुसऱ्या दिवसाच्या पानावर घेतले, तर पाचच्या ठोक्याला निघता येते, आणि पाच वीसला खाटेपाशी पोचता येते. कुणाचे काय गेले? कागद एक दिवस इकडे की तिकडे. शेजारच्या खिडक्यांनी आठवड्याभरात तेच उचलले. लवकर सुटायला कुणाला नको असते? पुढे बायको गेली, तो वर गेला, रीत खाली राहिली. तिला कुणाची सही नव्हती, परिपत्रक नव्हते, जावक क्रमांक नव्हता. घरात एखादी खुर्ची एका जागी का आहे हे कुणालाच आठवत नसते आणि सगळे तिला वळसा घालून चालत राहतात, तशी.

पाच वीस. हा आकडा त्याच्या अंगात होता. पायऱ्या अठ्ठेचाळीस, वळणावर एक तुटलेली फरशी, औषधाचा आणि उकळलेल्या कापडाचा वास, आणि शेवटून तिसरी खाट. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी विचारले होते, "कधीपासून त्रास आहे?" आणि त्याने क्षणभरही न थांबता सांगितले होते, बारा तारखेपासून. डॉक्टरांनी लिहून घेतले. बायको खाटेवरून त्याच्याकडे पाहून किंचित हसली, की त्याला तसे वाटले. बारा तारीख त्याने काढली होती ती आपल्याच सवयीतून. रकाना मोकळा राहू द्यायचा नाही. नंतर मात्र त्या तारखेने त्याची पाठ सोडली नाही. बाराच्या आधी, महिनाभर आधी, तिने जिन्यात पाण्याची बादली मध्येच टेकवली होती आणि म्हणाली होती, "तुम्ही व्हा पुढे." तो पुढे झाला होता. त्याच्याही आधी, बाजारातून येताना ती एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली होती, चपलेत खडा गेल्याचे सांगून, आणि चप्पल काही तिने काढली नव्हती. त्याच्याही आधी तिने गाणे गुणगुणणे थांबवले होते, पण ते नक्की कधी? दर वर्षी त्याला आणखी एक आधीची तारीख सापडे. बावीस वर्षांत तिचा आजार असा मागे मागे सरकत लग्नाच्या वर्षापर्यंत जाऊन टेकला होता, आणि दर पायरीवर तो स्वतः उभा होता, हातात पिशवी, पुढे निघालेला. इतरांचे आजार पुढे ढकलणारा माणूस घरी येऊन एकच आजार मागे ओढत बसे.

आणि मफलरवाला. त्याच्याबद्दल त्याने कुणाला कधी सांगितले नव्हते. सांगण्यासारखे काही नव्हतेच. बायकोच्या शेवटच्या दिवशी, चार वाजून दहा मिनिटांनी, हिरव्या मफलरचा एक माणूस तिसऱ्या खिडकीवर आला. उन्हाचे दिवस असून मफलर. त्याने दाखला दिला, याने उद्याचा शिक्का मारला. माणसाने पोच पाहिली आणि विचारले, "दिवस संपला का हो?" भांडणाचा सूर नव्हता, खरेच विचारत होता, जणू आपल्यालाच काही कळले नसेल. याने पानाचे सांगितले. तो म्हणाला, "पण मी तर आज आलोय." याने पुन्हा पानाचे सांगितले. साडेचार झाले, पाच झाले. माणूस ना ओरडत होता ना हलत होता, मधूनच म्हणे, "मी आज आलोय ना?" आणि मागे-पुढे पाहून साक्षीला कुणी मिळते का बघे. बेरीज दोनदा चुकली. चाक एक दात मागे फिरवले असते तर माणूस गेला असता. पण पान बंद झाले होते, आणि मागची तारीख टाकणे हा गुन्हा होता. त्या दिवशी त्याला तो गुन्हाच वाटला. माणूस गेला तेव्हा पाच पंचवीस झाले होते. तो रुग्णालयात पोचला पाच पन्नासला. खाटेवर चादर नव्हती. नर्सने कागद पुढे केला, त्यावर वेळ होती: पाच पंचवीस. मफलरवाल्याचे पुढे काय झाले हे त्याला कधीच कळले नाही. पण तेव्हापासून खालच्या बाकावर, जिन्याच्या बाजूला, चारनंतर कुणीतरी बसलेले असते असे त्याला वाटे. जाताना तो त्या बाजूला पाहत नसे. मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. तिने विचारले, "बाबा, आई गेली तेव्हा तुम्ही होतात?" आणि त्याने सांगितले, होतो. हात हातात होता. अठ्ठेचाळीस पायऱ्या, पाच वीस. ही एक मागची तारीख मात्र त्याने टाकली होती, आणि तिच्यावर कुणी वाद घातला नव्हता.

बुधवारी दुपारी तो फाटकावर गेला. वॉचमन त्याच्यापेक्षा वयाने मोठा वाटे, नसेलही. "वह्या? त्या जिन्याखाली, साहेब. उंदरांनी नियमाप्रमाणे जुन्या आधी खाल्ल्यात, त्यामुळे गेल्या वर्षीच्या मिळतील." त्याने स्वतः कंदिलासारखी बॅटरी धरली. धूळ, गोणपाट, मोडक्या पंख्याची पाती. आठ महिन्यांपूर्वीची वही सापडली. दहा तारीख. पान उजव्या बाजूला चहाने तपकिरी झालेले. चार वाजून पाच मिनिटे, बाईची सही, सहीखाली तिने गरज नसताना रेघ मारलेली. "आहे ना?" वॉचमन म्हणाला. "मी कुणाला वेळ चुकीची लावत नाही. माझं घड्याळ बंद असलं तर मी बँकेच्या गेटवरच्याला ओरडून विचारतो." त्याचे लक्ष तिच्या सहीखाली गेले होते. चार आठ, चार पंधरा, चार वीस, चार चाळीस. सह्या, अंगठे, एक सही थरथरलेली, एक कागद फाडीत गेलेली. त्याने पान उलटले. अकरा तारीख. चारनंतर सात जण. बारा. चारनंतर पाच. तो मोजू लागला आणि पुढच्या पानावर थांबला, कारण त्याला गुणाकार येत होता. "साहेब, बसा जरा," वॉचमन म्हणाला, "तुमचा रंग उतरलाय. डॉक्टरांचा दाखला आणा, आपलंच ऑफिस आहे, वशिला लावू." हा त्याचा नेहमीचा विनोद होता. पण बाहेरून, चारच्या सुमाराला, फाटकातून कुणीतरी आत येत होते आणि वॉचमनने तिकडे जाऊन पेन पुढे करत बँकेच्या गेटकडे वेळ विचारली, ती त्याने वहीवरची मान वर करून ऐकली.

तीस तारखेला तो निवृत्त होणार होता. आठ दिवस. माफीचा आदेश काढायला फॉर्मवर बाईची सही हवी होती, आणि ती नव्हती. फॉर्मशिवाय तिला न्याय द्यायचा तर कारण लिहावे लागणार होते, आणि कारण एकच होते: की शिक्का खोटा आहे, की तो बावीस वर्षे चारनंतर खोटा आहे, की तो खोटा कुणी आणि का केला. एकदा हे लिहिले की ते एका बाईपुरते राहत नाही. त्याच्या अक्षरातले सगळे "शिक्का हाच पुरावा" एकेक करून फायलींतून वर मान काढतील. जेवताना मुलगी म्हणाली, "बाबा, कसला विचार करताय? आठ दिवस राहिलेत, सही करून मोकळे व्हा. नंतर येईल त्याचं तो बघेल." ती एका शाळेत गणित शिकवते, आणि उत्तरे लवकर काढते. "ती बाई सही करत नाही ना," तो म्हणाला. "का?" "उशीर झालाच नव्हता म्हणते." "मग झाला होता का?" तो पाणी प्यायला. मुलगी त्याच्याकडे पाहत राहिली, आणि त्याला वाटले, आता ती विचारेल. दुसरेच काही विचारेल. तिने ताट उचलले. "आईपण अशीच होती का हो, हट्टी?" तो म्हणाला, हो. मग त्याला वाटले, हे तरी खरे आहे का? त्याला आठवत होती ती टेकवलेली बादली.

तो टिपण लिहू लागला. गुरुवारी अर्धे पान, शुक्रवारी फाडले. सोमवारी दोन पाने. नियमाचा भाग सोपा होता, पाटीचा भाग सोपा, फाटकाच्या वहीचा उतारा तर केवळ नकलून काढायचा होता. "ही रीत कोणी सुरू केली" या ओळीपाशी पेन थांबे. त्याने लिहिले, "तत्कालीन कर्मचाऱ्याने." ते खोडले आणि लिहिले, "मी." पुढे कारण लिहायचे होते. वैयक्तिक, असे लिहिता आले असते. त्याने लिहिले: पत्नीच्या भेटीची वेळ गाठण्यासाठी. मग, कुणी विचारले नसताना, त्याखाली आणखी एक वाक्य लिहिले: ती वेळ शेवटच्या दिवशी गाठता आली नाही. बुधवारी चौथे पान झाले. शेवटच्या पानावर त्याने बॉयलरवाल्याचा आजार तीन तारखेपासून धरावा असा निर्णय दिला, आणि चारनंतरचे सगळे जुने तंटे फाटकाच्या वह्यांशी ताडून पुन्हा पाहावेत अशी शिफारस केली. सही तेवढी राहिली. ती गुरुवारी केली, तीस तारखेला, निरोपाच्या कार्यक्रमाला बोलावणे आले तेव्हा, उभ्याउभ्या.

कार्यक्रम तीनला होता, सुरू झाला साडेतीनला. त्याला ब्रीफकेस दिली, ज्याला आता कुठेच जायचे नाही त्याला. सगळे हसले, तोही हसला. वरिष्ठांनी भाषणात सांगितले, की तीस वर्षांत या माणसाच्या हातून एक तारीख इकडची तिकडे झाली नाही. टाळ्या पडल्या. तिसऱ्या खिडकीवरच्या बाई मागच्या रांगेतून घड्याळ पाहत होत्या. चारच्या आधी त्या उठून गेल्या. त्यालाही उठायचे होते. पण कुणी हात हातात घेत होते, कुणी मुलीच्या लग्नाचे विचारत होते, आणि निरोप घेणाऱ्या माणसाने घाई करायची नसते. तो टिपण घेऊन खाली आला तेव्हा खिडकीवर गर्दी नव्हती. आपल्याच कार्यालयाविरुद्धचे टिपण आपल्याच कपाटात ठेवून चालत नाही. ते आवक व्हावे लागते. त्याने चार पाने आत सरकवली. आधी ओला धप्प, मग कोरडा ठप्प. बाईंनी पोच पुढे केली आणि त्यांच्या चेहऱ्यावरचे हसू मधेच राहिले. "अगंबाई," त्या म्हणाल्या. त्याने पाहिले. एक तारीख. घड्याळात चार वाजून दहा मिनिटे झाली होती.

त्याला आधी काहीच वाटले नाही. मग कळले. सही तीसची, अधिकाऱ्याची. कागद एकचा, आणि एक तारखेला तो कुणीच नव्हता. अधिकार संपल्यावर आलेला निर्णय हा निर्णय नसतो, हे त्यानेच कितीदा लिहिले होते. "साहेब, फिरवू का मागे?" बाई हळू आवाजात म्हणाल्या. "एक दात तर आहे. पान उघडते परत, कोण बघतंय? तुमच्यासाठी एवढं नाही का करणार?" चाकाच्या कडेला त्यांचा अंगठा टेकलेला होता, शाईने निळा. एक दात. बॉयलरवाल्याच्या बायकोचे सगळे त्या एका दातावर होते, आणि त्याचेही. फिरवा, असे तो म्हणणार होता, तोंड उघडलेही. पण मागे, जिन्याच्या बाजूच्या बाकावर, कुणीतरी बसल्याचे त्याला जाणवले. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याने वळून पाहिले. बाक रिकामा होता. त्यावर ऊन पडले होते, आणि ते आजचे होते. "नको," तो म्हणाला. "मी आज आलोय. शिक्का राहू दे तसाच. तेच तर लिहिलंय त्यात." बाई काही न समजून म्हणाल्या, "पण नुकसान कुणाचं होईल, साहेब?" त्याने पोच घडी करून खिशात ठेवली. बाहेर पडताना फाटकावर त्याने वही मागितली. वॉचमन म्हणाला, "अधिकारी कधी सही करतात का?" तो म्हणाला, "आज करतो. वेळ लिही." वॉचमनने बँकेच्या गेटकडे ओरडून वेळ विचारली आणि लिहिली. चार एकवीस. त्याने सही केली, आणि खाली, गरज नसताना, एक रेघ मारली.

पुढची माहिती अशी आहे. टिपण मुख्य कार्यालयाला गेले. तिथून एका ओळीचा प्रश्न आला, की सेवेत नसलेल्या व्यक्तीच्या टिपणावर कार्यवाही करावी काय. तीन आठवड्यांनी नव्या वाद-अधिकाऱ्याने बॉयलरवाल्याच्या बायकोला माफीचा फॉर्म पुन्हा पाठवला. तिने तो कोरा परत केला. नवरा अजून आहे, अजून भिंतीकडे तोंड करून. गेल्या वर्षीच्या फाटकाच्या वह्या जिन्याखालून हलवल्या आहेत. कुणी हलवल्या, कुठे, हे वॉचमनला सांगता येत नाही. टिपणाची एक प्रत ब्रीफकेसमध्ये घरी होती. परवा त्याने ती काढली तेव्हा पानांचा क्रम बदललेला होता, चौथ्या पानाच्या जागी तिसरे. मुलगी त्याबद्दल काही बोललेली नाही. तिने फक्त त्या दिवशी त्याच्यासाठी चहा टाकला आणि तो पिऊन होईपर्यंत समोर बसून राहिली.

आज मुख्य कार्यालयाने दोघांना सुनावणीला बोलावले आहे; तिला अर्जदार म्हणून, त्याला साक्षीदार म्हणून. नोटिशीत वेळ दुपारी चारची आहे. तो तीनलाच आला. ती त्याच्याही आधी आलेली होती आणि जिन्याच्या बाजूच्या बाकावर बसली होती. "या साहेब," ती सरकून म्हणाली, "आज तरी उशीर नाही झाला." तो तिच्या शेजारी बसला. फाटकाच्या नव्या वहीत दोघांच्याही वेळा लागल्या आहेत. चार वाजले तेव्हा तिसऱ्या खिडकीवर चाक फिरल्याचा बारीक कुरकुर आवाज झाला. तो दोघांनी ऐकला. चार वाजून दहा मिनिटे झाली, तेव्हा सुनावणीच्या खोलीचे दार उघडलेले नव्हते.